हेदर : माणसाने राखलेले रान

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मध्यभागी टोंगारीरो हा ज्वालामुखींचा मुलूख आहे. माओरी प्रमुख होरोनुकू ते हेउहेउ यांनी १८८७ मध्ये आपल्या जमातीची ही पवित्र शिखरे राजसत्तेच्या स्वाधीन केली आणि त्यातून त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान आकाराला आले. उघडा माळ, तांबूस झुपकेदार गवत, मधूनच धूर सोडणारे डोंगर. १९१२ च्या सुमारास पोलिस खात्यातले बडे अधिकारी जॉन कलन यांना या माळावर एका गोष्टीची उणीव जाणवू लागली, ती म्हणजे शिकारीची. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट उजाडला की थोरामोठ्यांचे जथे बंदुका घेऊन ग्राउस नावाच्या पक्ष्यामागे माळावर निघतात. तसे इथेही व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले. ग्राउस जगतो हेदर या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांवर. तेव्हा आधी ताट वाढायचे आणि मग पाहुणा बोलवायचा, या हिशेबाने त्यांनी हेदरचे बी आणून पेरायला सुरुवात केली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, पण पेरणी झालीच. पाहुणेही आणले गेले. ते मात्र या मुलखात रुजले नाहीत. ताट राहिले, आणि पसरत पसरत हजारो हेक्टरांवर गेले.

ऐंशीएक वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच देशाच्या शास्त्रज्ञांनी ब्रिटनहून हेदरची पाने खाणारा एक भुंगेरा मुद्दाम आणून टोंगारीरोत सोडला. कितीतरी वर्षे त्याचा पाय रोवेना. पुढे मात्र त्याने जम बसवला आणि जांभळ्या माळावर करपलेले तपकिरी पट्टे दिसू लागले. एका सरकारी माणसाने लावलेली बाग उपटण्यासाठी दुसऱ्या सरकारी माणसांना किडा पाळावा लागला.

स्कॉटलंडमध्ये ज्या झुडपाला राष्ट्रीय मिरवणुकीत मान, ते दुसऱ्या गोलार्धात तण ठरले. हेदरबद्दल काहीही लिहायचे तर या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागते, की हे रानातले झाड की लावलेले? सरळ उत्तर देणारा माणूस बहुधा एकच बाजू पाहून आलेला असतो.

मराठी वाचकाची हेदरशी ओळख झालीच असेल तर ती छापील पानातून. एमिली ब्राँटीची ‘वदरिंग हाइट्स’ १८४७ ची, थॉमस हार्डीची ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ १८७८ ची. एकीत यॉर्कशायरचा वारा खाणारा माळ, दुसरीत डॉर्सेटचा. दोन्ही कादंबऱ्या आपल्याकडच्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. त्यामुळे हेदरच्या माळासाठीचे ‘हीथ’ आणि ‘मूर’ हे शब्द हजारो विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकांत लिहिले, झाड न पाहता. ते पाहायला मिळणेही कठीण. हेदर थंड आणि ओलसर हवेचे झुडूप. दख्खनच्या उन्हाळ्यात ते तगेल अशी आशा धरू नये. त्याचे भाऊबंद मात्र भारतात आहेत. हिमालयातला बुरांश आणि निलगिरी पर्वतावरचा रोडोडेंड्रॉन याच कुळातले. पुण्या-मुंबईच्या फळबाजारात डबीतून मिळणारी ब्लूबेरीही त्याच घरातली.

आता झुडपाकडे. शास्त्रीय नाव कॅलुना वल्गॅरिस. कॅलुना या प्रजातीत ही एकच जाती; सख्खे भावंड नाही. जवळचे चुलत घराणे एरिकाचे. त्याच्या शेकडो जातींपैकी बहुतेक सगळ्या दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला एकवटलेल्या, आणि थोड्याच युरोपात. कॅलुनाची उंची साधारण गुडघ्याइतकी. पाने जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब, समोरासमोर जोड्यांनी आलेली, एकमेकींवर दाटून बसलेली. त्यामुळे कोवळी फांदी चौकोनी दोरीसारखी दिसते. फुले जुलैअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती बहुतांशी निदलेच. ती रंगीत असतात, खऱ्या पाकळ्यांपेक्षा मोठी असतात आणि फूल संपले तरी गळत नाहीत. हिवाळाभर झुडपावर तांबूस-तपकिरी फुले दिसतात, ती हीच सुकलेली निदले.

हेदर काटक म्हणून प्रसिद्ध आहे. हा काटकपणा नेमका कशात आहे, हे समजायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. हेदर उगवते ती जमीन आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेली, पीटची (म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) किंवा वाळूची. तिथे नायट्रोजन नसतो असे नाही. पण तो कुजक्या पालापाचोळ्याच्या गुंतागुंतीच्या संयुगांत अडकलेला असतो आणि बहुतेक झाडांना तो सोडवून घेता येत नाही. हेदरच्या केसाहून बारीक मुळांच्या पेशींत एक बुरशी राहते. झाड तिला साखर देते, बुरशी तो अडकलेला नायट्रोजन फोडून झाडाला देते. शेफिल्ड विद्यापीठाचे डेव्हिड रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हा व्यवहार प्रयोगांनी उलगडला. म्हणजे हेदर भुकेल्या जमिनीत उपाशीपोटी जगत नाही. दुसऱ्याला न उघडणारे कोठार तिथे त्याला उघडता येते.

म्हणूनच त्याला सुबत्ता सोसत नाही. नेदरलँड्समध्ये १९७०-८० च्या दशकांत गुरांच्या प्रचंड गोठ्यांतून उठलेला अमोनिया हवेतून माळांवर उतरला आणि माती पोसली गेली. मग गवताचे फावले. शिवाय पानांत नायट्रोजन वाढल्याने तोच तो भुंगेरा माजला, त्याने हेदर खाऊन जागा मोकळी केली आणि त्या जागी गवत शिरले. जांभळे माळ काही वर्षांत पिवळट हिरवे झाले. टोंगारीरोत सुरुवातीला याच्या उलट घडले. तिथल्या हेदरच्या पानांत नायट्रोजन कमी, म्हणून भुंगेऱ्याची वाढ खुंटायची, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. एकच किडा, एकच झाड; पण निकाल मातीने ठरवला.

काटकपणाला दुसरीही एक मर्यादा आहे. हेदर सदाहरित आहे, म्हणजे हिवाळ्यातही पानांतून पाणी जात राहते. जमीन गोठली, वर बर्फाचे पांघरूण नाही आणि कोरडा वारा सुटला, तर मुळांना पाणी ओढता येत नाही आणि झुडूप थंडीने नव्हे, तहानेने मरते. २०१४ च्या जानेवारीत नॉर्वेच्या किनाऱ्यावर असा कोरडा हिवाळा पडला. फ्लातांगेर आणि फ्रोया इथे ऐन थंडीत माळ पेटले, घरे जळाली. त्यानंतर किनाऱ्यावर ठिकठिकाणी हेदर वाळलेले आढळले.

नॉर्वेचा हा किनारा हेदरच्या इतिहासात फार महत्त्वाचा आहे. आखाती प्रवाहामुळे तिथे हिवाळा सौम्य, म्हणून जुन्या जातीच्या मेंढ्या बाराही महिने उघड्यावर चरतात आणि थंडीत त्यांचा आधार हेदरच. झुडूप फार म्हातारे होण्याआधी ते जाळायचे, म्हणजे कोवळे फुटते. ही रीत हजारो वर्षांची. बर्गनजवळच्या लिग्रा बेटावर ती आजही जपली जाते. बर्गन विद्यापीठाच्या विग्दिस वांदविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनाऱ्यावरचे बी आणि आतल्या डोंगरांतले बी गोळा केले आणि दोन्हींना धुराची प्रक्रिया देऊन पाहिले. किनाऱ्याचे बी धुराने चटकन रुजून आले. जिथे माळ जाळण्याची रीत कधी नव्हती तिथल्या बियांवर तसा परिणाम दिसला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा, की मेंढपाळांच्या पिढ्यांनी हातात टेंभा घेऊन फक्त माळ बदलला नाही, झाडाचा स्वभावही बदलला. कुणी त्याची कलमे केली नाहीत, कुंडीत लावले नाही. तरी ते अर्धे माणसाळले.

युरोपातले बहुतेक सखल हेदरमाळ असेच घडले आहेत. मुळात तिथे जंगल होते. नवाश्मयुगापासून ते तुटत गेले, गुरेमेंढ्या चरत राहिल्या, रिकाम्या निकृष्ट जमिनीवर हेदर पसरले. उत्तर जर्मनीत ल्यूनेबुर्गच्या शेतकऱ्यांची तर एक पूर्ण शेतीव्यवस्थाच यावर उभी होती. हेदर मुळांसकट, मातीच्या थरासह खरवडून काढायचे, गोठ्यात अंथरायचे, शेणामुताने भिजले की शेतात खत म्हणून टाकायचे. माळावर हाइडश्नुके जातीच्या करड्या मेंढ्या, मधाच्या पोळ्यांच्या रांगा, झाडूसाठी काड्या. माळ दर पिढीला थोडा अधिक गरीब होत होता आणि म्हणूनच हेदरचा राहत होता. कृत्रिम खते आली, लोकर ऑस्ट्रेलियातून स्वस्त येऊ लागली, आणि ही व्यवस्था कोसळली. बर्च आणि पाइनची रोपे आपसूक डोके वर काढू लागली. १९०६ मध्ये विल्हेल्म बोडे नावाच्या पाद्र्याने देणगी मिळवून टोटेनग्रुंट ही दरी विकत घेतली, म्हणून निदान तेवढी वाचली. आज तिथे राखीव क्षेत्र आहे, आणि ‘निसर्ग’ टिकवण्यासाठी पगारी मेंढपाळ ठेवावे लागतात. मेंढ्यांनी सुट्टी घेतली तर थोड्याच वर्षांत जंगल परत येईल. इतिहासाच्या वाचकांना हा माळ आणखी एका कारणाने ठाऊक असेल. ४ मे १९४५ रोजी ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमरीने वायव्य युरोपातल्या जर्मन फौजांची शरणागती इथेच एका तंबूत स्वीकारली.

डेन्मार्कने उलटा मार्ग धरला. १८६४ च्या युद्धात श्लेस्विग आणि होल्स्टाइन गमावल्यावर त्या छोट्या देशाने ठरवले की गेलेली भूमी घरातच कमवायची. १८६६ मध्ये एन्रिको डालगास यांच्या पुढाकाराने हीथ सोसायटी स्थापन झाली आणि जटलंडचे विस्तीर्ण हेदरमाळ नांगरून, वृक्ष लावून शेतीखाली आणले गेले. त्या काळी यात देशभक्ती होती; आज तिथे उरलेले तुकडे कुंपण घालून जपतात. इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये तर असा ठराव कुणी केलाही नव्हता. संशोधक नॉर्मन मूर यांनी १९६२ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा १८११ मधल्या सुमारे ३०,००० हेक्टर माळापैकी १९६० पर्यंत १०,००० हेक्टर उरला होता. हार्डीच्या कादंबरीतला अफाट माळ शेती, लागवडीची जंगले आणि घरबांधणी यांनी गुपचूप खाल्ला.

स्कॉटलंडमध्ये हेदर वाचले ते बंदुकीमुळे. हे वाक्य पक्षिप्रेमींना रुचत नाही, पण ते अर्धे तरी खरे आहे. १२ ऑगस्टला ग्राउसचा हंगाम उघडतो. भरपूर पक्षी हवेत तर माळ भरपूर हवा, आणि तोही योग्य वयाचा. वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर वॉट आणि पुढे ॲबरडीनचे चार्ल्स गिमिंगहॅम यांनी हेदरच्या आयुष्याचे चार टप्पे सांगितले आहेत. आधी रुजण्याचा काळ, मग झुडूप घुमटासारखे भरण्याचा, मग पक्वतेचा, आणि शेवटी फांद्या बाहेर कलून मधोमध टक्कल पडण्याचा. सगळे मिळून तीस-चाळीस वर्षे. ग्राउसला खायला कोवळे शेंडे लागतात आणि लपायला, अंडी घालायला जुने दाट झुडूप. म्हणून राखणदार हिवाळ्यात माळाचे छोटे पट्टे आलटून पालटून जाळतात. विमानातून पाहिले तर डोंगर ठिगळांच्या गोधडीसारखा दिसतो.

ग्राउस मरू लागले तेव्हा तर सरकारी चौकशी समिती बसली. लॉर्ड लोव्हॅट अध्यक्ष; अहवाल १९११ चा, दोन जाडजूड खंडांचा. पक्ष्यांची शवविच्छेदने करून आतड्यातला दोऱ्यासारखा कृमी हे मुख्य कारण म्हणून पुढे आणणारा त्यांचा निरीक्षक होता एडवर्ड विल्सन. डॉक्टर, उत्तम चित्रकार, आणि दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या कॅप्टन स्कॉटचा साथीदार. अहवाल छापून आला तेव्हा तो अंटार्क्टिकावर होता. १९१२ च्या मार्चमध्ये, दक्षिण ध्रुवावरून परतताना, स्कॉटच्या तंबूत तोही गेला.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. पीटच्या जमिनीवर आग लावल्याने साठलेला कार्बन सुटतो, ही एक तक्रार. ग्राउसची पिल्ले खातो म्हणून हेन हॅरिअर या शिकारी पक्ष्याला बेकायदा मारले जाते, ही दुसरी, आणि तिला पुरावे भरपूर आहेत. इंग्लंडच्या सीमेजवळच्या लँगहोम माळावर १९९० च्या दशकात हॅरिअरना खरोखरीचे संरक्षण देऊन पाहिले, तेव्हा त्यांची संख्या वाढली आणि शिकारीपुरते ग्राउस उरेनात. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये गावकऱ्यांनी देणग्या जमवून या माळाचा मोठा भाग उमरावाच्या इस्टेटीकडून विकत घेतला आणि तिथे राखीव क्षेत्र केले. २०२४ मध्ये स्कॉटिश संसदेने माळ जाळण्यासाठी परवाना लागेल, असा कायदा केला. जाळणारे आणि न जाळू देणारे, दोघांनाही हेदरच हवे आहे.

बंदुकीशी देणेघेणे नसलेला एक वर्गही ऑगस्टची वाट पाहतो, तो म्हणजे मधपाळ. ते आपल्या पेट्या गाडीत घालून माळावर नेतात. हेदरचा मध गडद, किंचित कडवट, आणि स्वभावाने विचित्र. पोळ्यात तो जेलीसारखा थिजून बसतो, नेहमीच्या फिरत्या यंत्रात घातला तरी बाहेर पडत नाही. ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा थिजतो. त्यातल्या एका प्रथिनाचा हा परिणाम. त्यामुळे तो पोळे दाबून तरी काढावा लागतो, नाहीतर पोळ्यासकट विकावा लागतो, आणि दोन्ही प्रकारे तो महाग पडतो.

रानातून घरात येण्याचा हेदरचा प्रवास मात्र एका राजघराण्याच्या लग्नाने वेगवान केला. २९ सप्टेंबर १८५५ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅल्मोरल वाड्याजवळच्या डोंगरावर प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक विल्हेल्म याने व्हिक्टोरिया राणीच्या चौदा वर्षांच्या थोरल्या मुलीला पांढऱ्या हेदरची डहाळी दिली आणि त्या निमित्ताने मनातले बोलून टाकले. राणीने हा प्रसंग आपल्या रोजनिशीत नोंदला, आणि १८६८ मध्ये ती रोजनिशी पुस्तकरूपाने निघाल्यावर सगळ्या देशाने वाचला. पांढरे हेदर म्हणजे रंगद्रव्य हरवलेले झुडूप, माळावर क्वचित सापडणारे. ते शुभ असल्याची समजूत या प्रसंगानंतर घरोघर पोहोचली आणि वधूच्या गुच्छात त्याला जागा मिळाली. पुरवठा कुठून होणार? अर्थातच रोपवाटिकांतून.

बागेतल्या हेदरचे बरेचसे भांडवल असेच आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या वाणांपेक्षा तीक्ष्ण नजरेच्या माणसांनी रानात टिपलेले अपवाद त्यात जास्त. ‘एच. ई. बील’ हा लांब गुलाबी दुहेरी फुलांचा वाण न्यू फॉरेस्टमध्ये सापडला. ‘काउंटी विक्लो’ आयर्लंडच्या त्याच नावाच्या परगण्यात. हिवाळ्यात फुलणाऱ्या एरिका कार्नियाचा ‘स्प्रिंगवुड व्हाइट’ स्टर्लिंगच्या एका बाईंनी इटलीच्या डोंगरात पाहिला आणि आपल्या घराचे नाव त्याला मिळाले. डार्बिशायरमधल्या डार्ली डेल इथल्या रोपवाटिकेत तर १८९० च्या आसपास दोन एरिकांचा संकर आपोआपच झाला. एरिका डार्लीएन्सिस हे नाव घेऊन तो आज जगभर विकला जातो. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये हेदर सोसायटी निघाली आणि अशा शेकडो वाणांची नोंद ठेवली जाऊ लागली. त्याच दशकात नॉरफोकमध्ये एड्रियन ब्लूम यांनी बुटक्या सूचिपर्णी झाडांबरोबर हेदर लावण्याची तऱ्हा रूढ केली. तिची नंतर इतकी नक्कल झाली की लोक कंटाळले. त्यात झुडपाचा दोष नव्हता.

लावणाऱ्याने दोनच गोष्टी ध्यानात धराव्यात. कॅलुनाला चुना चालत नाही, एरिका कार्नियाला चालतो, कारण ती आल्प्सच्या चुनखडीवरही वाढते. आणि छाटणी दरवर्षी हवी, पण फक्त पानांच्या भागात. जुन्या, उघड्या लाकडावर कात्री चालवली तर तिथून फूट येत नाही. डोंगरावरचे राखणदार याच कारणाने म्हातारे हेदर जाळायला उत्साही नसतात. फार जुन्या बुंध्यातून अंकुर येत नाहीत आणि माळाला पुन्हा बियांपासून सुरुवात करावी लागते. कात्री आणि आग एकाच नियमाने चालतात.

अलीकडच्या काळात जर्मनीने या धंद्याचे रूप बदलले. तिथल्या कुर्ट क्रामर यांनी कळीवरच थांबणाऱ्या कॅलुनाची पैदास केली. कळ्यांचा रंग चढतो, पण त्या उमलत नाहीत. म्हणून कोमेजतही नाहीत आणि कडाक्याच्या थंडीपर्यंत रंग धरून राहतात. नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणाच्या रविवारी कबरींवर अशा कुंड्या ओळीने दिसतात, आणि बाजारातला मोठा वाटा आता त्यांचाच आहे. हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण मिटलेल्या कळीतून मधमाशीला ना मध मिळतो ना पराग, आणि बाग केवळ माणसासाठी नाही असे मानणाऱ्याला ते खटकते. त्यासाठी सोपा उपाय आहे. कळीच्या कॅलुनाशेजारी साधी एरिका कार्निया लावावी. ती फेब्रुवारीत, कधी बर्फातूनही, उघडी फुले काढते, आणि हिवाळ्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माश्यांना ते वर्षातले पहिले खाणे मिळते.